कव्हरवरचं अक्षर

अक्कलकोटकडून सोलापूरला येताना, कुंभारी मागं पडली की थोड्या वेळानं डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. समोर लिंबाचं झाड, झाडाखाली बॉनेट उघडून ठेवलेल्या दोन-तीन गाड्या. हे गुरुशांत मेस्त्रींचं गॅरेज. शेडवर पाटी नव्हती. ज्या माणसाच्या अक्षराचं अर्ध्या सोलापुरात कौतुक, त्याच्याच दुकानाला पाटी नाही, ही गंमत जुनी गिऱ्हाइकं नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगायची. कुणी फारच खोदून विचारलं तर मेस्त्री म्हणायचे, "ज्या दिवशी गरज लागंल त्या दिवशी लावू की." ती गरज लागायला नको होती.

मेस्त्री साठीला टेकलेले. अंगानं काटकुळे, कपाळावर सकाळची विभूती, ती दुपारपर्यंत घामानं अर्धी पुसलेली. घर शुक्रवार पेठेत. बायको चन्नम्मा आणि एकुलती एक लेक शिवलीला, ती मैंदर्गीला दिलेली. मेस्त्रींचे चुलते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि पुतण्याला त्याच धंद्यात घालायचा त्यांचा विचार होता. ब्रशचं वळण हाताला बसलं, पण पोराचं मन इंजिनात अडकलं. रंगाचा डबा मात्र सुटला नाही. पान्ह्यांच्या पेटीत एक बारीक ब्रश कायम असायचा, स्वच्छ धुतलेला, फडक्यात गुंडाळलेला. त्या पेटीत तेवढी एकच वस्तू स्वच्छ असायची.

माणूस कानाचा पक्का. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मग कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला व्हॉल्व्ह खटखटतोय ते अचूक सांगायचे. पण एका बाबतीत त्यांच्या कानानं हात टेकले होते, आणि ती बाब म्हणजे टायमिंगचा बेल्ट.

गाडीच्या इंजिनात खाली एक दांडा फिरतो आणि वर एक. खालचा पिस्टन वरखाली नाचवतो, वरचा व्हॉल्व्हची उघडझाप करतो. दोघांनी एका ठेक्यात फिरायचं. व्हॉल्व्ह खाली उतरलेला असताना पिस्टन वर आला तर दोघांची टक्कर होते आणि इंजिनाचा चुराडा. हा ठेका राखायचं काम काही गाड्यांत लोखंडी चेन करते, काहींत दातेरी रबरी बेल्ट. मेस्त्री शिकवताना सांगायचे, "चेन तोंडाळ हाय. म्हातारी झाली की सकाळी गाडी चालू करताना खळखळ करतीय, शिव्या देतीय, महिनाभर आदी सांगतीय की बाबा मी चालले. बेल्ट मुका हाय. काल चालला, आज चालला, उद्या तुटला. त्याला कान लावून काय उपयोग न्हाय. त्याला डोळ्यानं बगायचं आनि किलोमीटर मोजायचे."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी एका कापडवाल्याच्या गाडीला त्यांनी नुसता कान लावला आणि "घोडा हाय घोडा" म्हणून पाठवून दिली. आठव्या दिवशी तुळजापूरच्या घाटात तिचा बेल्ट तुटला. माणसं वाचली. कापडवाला भांडला नाही, एवढंच म्हणाला, "मेस्त्री, कान लावून बगितली हुती की तुमी." ते वाक्य मेस्त्रींना अजून झोंबायचं.

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. बेल्ट बदलला की त्याच्यावरच्या काळ्या प्लास्टिकच्या कव्हरवर पांढऱ्या रंगानं लिहायचं: 'बेल्ट', खाली किलोमीटरचा आकडा, कोपऱ्यात 'गु'. आणि कव्हरचे बोल्ट आवळून झाले की प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका. बॉनेट उघडलं की कुणालाही दिसावं. कंपनीनं बेल्टचं आयुष्य काहीही छापलेलं असो, सोलापूरचं ऊन आणि धूळ धरून मेस्त्री साठ हजारांच्या पुढं एक किलोमीटर जाऊ द्यायचे नाहीत.

आणि काय ते अक्षर! 'बेल्ट'मधली वेलांटीसारखी नाजूक मात्रा, चारला पोटात अलगद घेतलेली गाठ. गाडी विकायला निघाली की लोक बॉनेट उघडून ते अक्षर दाखवायचे. घेणारा निर्धास्त व्हायचा. मेस्त्रींना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना अभिमान होता, थोडा जास्तच होता.

श्रावणात जावई आले, नवी घेतलेली जुनी गाडी दाखवायला. संगमेशचं मैंदर्गीत बी-बियाण्यांचं दुकान. शिवलीलाला सहावा महिना सरत आलेला, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. एसटीच्या धक्क्यांत तिला न्यायचं नाही म्हणून त्यानं शहरातल्या एका एजंटाकडून पांढरी डिझेल गाडी घेतली होती.

"मामा, तुमाला न विचारता घेतली म्हनून रागावू नका," संगमेश हसत म्हणाला आणि त्यानं बॉनेट उघडलं. "हे बगितलं आनि लगेच इसार देऊन टाकला."

कव्हरवर मेस्त्रींचं अक्षर होतं. 'बेल्ट १,४२,३००', कोपऱ्यात 'गु'. मीटरवर एक लाख अडुसष्ट हजार. म्हणजे बेल्ट सव्वीस हजार चाललेला, अजून निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी.

मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर लावून सगळं इंजिन ऐकलं. तेल बघितलं, पाणी बघितलं. कव्हरशी हात गेला आणि थांबला. बोल्टांवर पिवळे ठिपके नव्हते. तिसरा बोल्ट तर उरलेल्या दोघांहून वेगळ्याच डोक्याचा होता. शिवाय ही गाडी आपल्या हाताखालून गेल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. पण वीस वर्षांत हजार गाड्या गेल्या असतील, कुठली कुठली ध्यानात ठेवणार? ठिपके डिझेलनं धुऊन गेले असतील. एखादा बोल्ट कुणीतरी हरवला असेल. कव्हर काढायला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. पण समोर जावई कौतुकानं बघत उभा होता, आणि स्वतःच्याच अक्षरावर संशय घेऊन कव्हर काढायचं म्हणजे काय?

"घोडा हाय," मेस्त्री म्हणाले आणि बॉनेट पाडलं. तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांना कसंतरीच वाटलं. वीस वर्षांत त्यांनी तो वापरला नव्हता.

पुढचे काही दिवस तो वेगळ्या डोक्याचा बोल्ट त्यांच्या मनातून जाईना. जेवताना आठवायचा, विभूती लावताना आठवायचा. चन्नम्मा म्हणाली, "अवो, कशात ध्यान हाय? तिसऱ्यांदा आमटी वाडली, तरी कोरडीच भाकरी खायलाय." मेस्त्री म्हणाले, काही नाही. फोन करून जावयाला परत बोलवावं असंही त्यांच्या मनात आलं. पण मग ते शिवलीलाला घेऊन येणारच आहेत तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी ते पुढं ढकललं. म्हणजे आधी पोटुशी लेक त्या गाडीतून साठ किलोमीटर येणार आणि मग हे बघणार! माणूस मनातल्या मनात स्वतःला कसा गंडवतो बघा.

सातव्या महिन्यात, सोमवारचा दिवस बघून, संगमेश शिवलीलाला घेऊन निघणार होता. त्याच सकाळी चांदसाब गॅरेजवर आला.

चांदसाब भंगारवाला. दर सोमवारी टेम्पो घेऊन यायचा आणि मोडके सुटे भाग घेऊन जायचा. मेस्त्रींच्या वयाचा, गोड बोलणारा, वीस वर्षांचा चहापाण्याचा संबंध. त्यानं पत्र्याचे तुकडे टेम्पोत टाकले, लिंबाखाली बसून चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणाला, "मेस्त्री, तुमच्या अक्षराचं एखादं कव्हर पडलेलं असंल तर ठेवा मला. लई मागनी हाय."

"कव्हरला मागनी?"

"त्यो जुन्या गाड्यांचा एजंट नेतो की. माज्याकडं गाड्या तोडायला येतेत, त्यातनं तुमच्या हातची कव्हरं काडून दिली त्याला. चार दिली आतापतूर."

"त्याला कशाला लागत्यात?"

"बसवतो दुसऱ्या गाडीला. गाडीचे किलोमीटर बगतो आनि त्याला जुळनारं घिऊन जातो." एवढं बोलल्यावर चांदसाबनं मेस्त्रींच्या तोंडाकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. "मला वाटलं, जुनं कव्हर फुटत असंल. खुदा की कसम, मेस्त्री, मी इचारच केला न्हाय."

मेस्त्रींनी फोन काढला. हाताला तेल, बोट सरकेना. संगमेशचा फोन वाजत राहिला. शिवलीलाचा लागलाच नाही. मैंदर्गीच्या घरी विहीणबाईंनी उचलला आणि आनंदानं सांगितलं की अर्धा-पाऊण तास झाला निघून, वटी भरली, पोरगी रडली नाही.

मेस्त्रींनी मोटरसायकलला किक मारली आणि अक्कलकोटच्या दिशेनं सुटले. डोळ्यांपुढं दुसरं काही येईना. खोक्याएवढ्या जागेत, काळ्या प्लास्टिकच्या मागं, मिनिटाला शेकडो वेळा तो मुका पट्टा फिरतोय. कधीचा आहे कुणाला ठाऊक. शिवलीला मागच्या सीटवर, मांडीवर वटीचा नारळ. संगमेश ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडायला निघालाय. पट्टा तुटला की इंजिन जागच्या जागी मरतं, स्टेअरिंग जड होतं, ब्रेक दगड होतो. हे सगळं त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना हातवारे करून सांगितलं होतं.

कुंभारी ओलांडून पुढं गेल्यावर ती गाडी दिसली, पण दुभाजकाच्या पलीकडं. पांढरी, पुढं झेंडूची माळ बांधलेली, भरधाव सोलापूरकडं चाललेली. मेस्त्री मोटरसायकलवरच उभे राहून ओरडले, हात हलवले. काचा बंद होत्या. मागच्या काचेत शिवलीलाच्या केसांतला गजरा क्षणभर दिसला आणि गाडी गेली. दुभाजकात वळायला जागा होती ती बरीच पुढं. तिथून वळून ते माघारी निघाले तेव्हा प्रत्येक वळणावर त्यांना रस्त्याच्या कडेला माणसं गोळा झालेली दिसतील असं वाटत होतं. एकदा खरंच चार माणसं गोळा झालेली दिसली. ती एसटीची वाट बघत होती.

गॅरेजवर आले तर गाडी लिंबाखाली उभी. इंजिन चालू. चांदसाबचा टेम्पो निघून गेला होता. संगमेश बाहेर उभा राहून फोनवर बोलत होता आणि शिवलीला आत गार हवेत बसली होती. बापाला बघून ती काच खाली करून हसली. "अप्पा, कुटं गेलता? आमी कवाचं आलोय."

मेस्त्रींनी पुढच्या खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. ते तसेच दाराला टेकून उभे राहिले.

गाडी जरा बघून ठेवतो, असं सांगून मेस्त्रींनी रिक्षा बोलावली आणि दोघं घरी गेल्यावर कव्हर काढलं. बेल्टच्या पाठीवर उभ्या-आडव्या भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या बुडासारख्या. छापील अक्षरं पार झिजून गेलेली. एका कडेचे धागे सुटून लोंबत होते. त्यांनी एका दात्याला नखानं जरासं रेटलं, तो तुटून हातात आला. हा बेल्ट सव्वीस हजारांचा नव्हता. लाखाच्या वर कधीच गेला होता. आणि त्याच्यावर झाकण होतं त्यांच्या नावाचं.

तो दाता त्यांनी खिशात टाकला. संध्याकाळी जावयाला सांगितलं, "बेल्ट जरा जुना वाटला, बदलून टाकला. आता निवांत फिरवा." संगमेश म्हणाला, "तुमी हाय म्हनून बरं हाय, मामा." आणि मेस्त्रींनी मान हलवली. खरं सांगायचं धाडस झालं नाही. मी बघितलंच नव्हतं, नुसतं माझं अक्षर बघितलं, हे जावयाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

चन्नम्माला मात्र सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाकीची तीन?"

"चांदसाबला लावलंय शोधायला."

"त्यो शोधंल तवा शोधंल. तुमी पाटी लावा की. चार लोकं वाचतील, चाळीसांना सांगतील. त्या मोबाइलवरबी टाका."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी एक पत्रा घासून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दुकानाची पाटी रंगवली. 'कव्हरवरच्या माझ्या अक्षरावर विश्वास ठेवू नका. कव्हर काढून बेल्ट बघून घ्या. फुकट बघून देईन. गुरुशांत मेस्त्री.' पाट्या रंगवणाऱ्या चुलत्यांच्या सवयीनं खाली तारीखही घातली, सात सप्टेंबर. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. रंग वाळला. मेस्त्री पाटीसमोर उभे राहिले, दोनदा वाचली, आणि उचलून शेडच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली. तोंड भिंतीकडं.

विचार त्यांनी असा केला की दसरा तोंडावर आलाय. दसऱ्याला चाळीस-पन्नास गाड्या पूजेला आणि कामाला येतात. ही पाटी बघून लोक म्हणणार, मेस्त्रीनं काहीतरी घोटाळा केलेला दिसतोय. ज्या हजार गाड्यांवर खरंच आपण लिहिलंय त्यांचे मालकही येऊन उभे राहणार. वीस वर्षांत कमावलेलं नाव एका पत्र्यात जाणार. त्यापेक्षा चांदसाब गुपचूप शोधतोय ते बरं. दसरा झाला की लावू.

चांदसाबनं खरंच धावपळ केली. एजंटाच्या हातापाया पडून, धमकावून त्यानं दोन गाड्या शोधून काढल्या. मेस्त्रींनी काही निमित्त सांगून दोन्ही बोलावून घेतल्या, बेल्ट बदलले, कव्हरवरचं अक्षर थिनरनं पुसलं. दोन्ही बेल्ट मरायला टेकलेले होते. राहिली चौथी. एजंट म्हणाला, मंद्रूपच्या बाजूला गेली, पांढरीच होती, घेणाऱ्याचा नंबर आता लागत नाही. आणि चांदसाबनं मान खाली घालून आणखी एक गोष्ट सांगितली. सोलापुरात भंगारवाला काही तो एकटा नव्हता.

मग मेस्त्रींचं असं झालं की रस्त्यावरून पांढरी गाडी गेली की हातातलं काम थांबायचं. ते कान द्यायचे. चेन असती तर ऐकू आलं असतं. बेल्टच्या गाड्या गुळगुळीत आवाजात निघून जायच्या. चन्नम्मा रोज जेवताना विचारायची, "लावली का?" आणि ते रोज म्हणायचे, "दसरा हू दे." पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. ते न विचारणं त्यांना जास्त जड गेलं.

घट बसले. दसरा झाला. पान्ह्यांची पूजा झाली, गाड्यांपुढं कोहळे फुटले, लिंबं चिरडली. आलेली प्रत्येक गाडी मेस्त्रींनी उघडून बघितली. लोक म्हणाले, मेस्त्री यंदा लई बारकाईनं काम करायलेत. पाटी भिंतीकडं तोंड करून तशीच होती. आता दिवाळी होऊ दे, असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी दोरानं बांधून ओढत आणलेली एक पांढरी गाडी लिंबाखाली येऊन थांबली. पुढचा डावा भाग पार आत दबलेला, काच नव्हती. ट्रॅक्टरवरून एक म्हातारा उतरला. धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. ट्रॅक्टरवाला गाडी सोडून निघून गेला.

"गुरुशांत मेस्त्री तुमीच का? मी धुळाप्पा. मंद्रूपकडनं आलोय." म्हातारा लिंबाच्या बुंध्याशी टेकला. "गाडी दुरुस्त करायची न्हाय. माजं पोरगं गेलं हिच्यात. धनाजी. पोलिसांनी काल सोडली गाडी."

मेस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"वळनावर सरळ जाऊन हुब्या ट्रकला धडाकली. सून आनि नातू मागं हुते, ते वाचले. सून म्हंती, यांनी स्टेरिंग फिरवलंच न्हाय, डोळा लागला असंल. पोलीसबी तेच म्हन्त्यात. समदं गाव तेच म्हनतंय, झोपला आनि गेला." धुळाप्पांनी काठीनं मातीत रेघ ओढली. "पोरगं झोपनारं नव्हतं, मेस्त्री. लेकरू मागं असताना तर न्हाईच. ही गाडी घेताना तुमचं अक्षर दाखवून म्हनलं हुतं, अण्णा, हे मेस्त्रीचं हाय, डोळं झाकून घिऊ. म्हनून तुमच्याकडंच आनली. तुमी बगून सांगा, चूक कुनाची. तुमी सांगाल ते मी ऐकतो."

बॉनेट पहारीनं उचकटावं लागलं. कव्हर तडकलं होतं, पण अक्षर शाबूत होतं. 'बेल्ट ९६,५००', कोपऱ्यात 'गु'. बोल्टांवर ठिपके नव्हते. मेस्त्रींनी कव्हर काढलं. आत दातेरी चाकाला गुंडाळून पडलेला तुटका पट्टा होता. धडकेनं तुटलेला नव्हे. टोकं झिजून, धागे पिंजून तुटलेला. त्यांनी तो बाहेर काढला आणि धुळाप्पांच्या शेजारी मातीत बसले.

"झोपला नव्हता त्यो," मेस्त्री म्हणाले. "हा पट्टा तुटला. हा तुटला की इंजिन जागेवर बंद पडतंय. स्टेरिंग हलता हलत न्हाय. ब्रेकबी दगडागत हुतो. त्यानं फिरवलं असंल. सगळं बळ लावून फिरवलं असंल. फिरलं नसंल."

धुळाप्पांनी पट्टा हातात घेतला. बराच वेळ बोटांनी चाचपून बघितला. मग पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "फिरवलं असंल," ते म्हणाले. "सुनंला सांगतो. तिला तेवढं कळाय पायजे." आणि थोड्या वेळानं, साध्या आवाजात, "पर बेल्ट तुमच्या हातचा हुता की. एवढ्यात कसा तुटला?"

सांगायला शंभर गोष्टी होत्या. माल खराब निघाला, नशीब, देवाची मर्जी. म्हाताऱ्यानं कुठलीही ऐकून घेतली असती. मेस्त्री उठले, शेडच्या मागं गेले आणि पाटी घेऊन आले. धूळ झटकून त्यांनी ती धुळाप्पांच्या पुढ्यात उभी धरली.

धुळाप्पांनी पाटीकडं बघितलं, मग मेस्त्रींकडं. "मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय?"

मेस्त्रींनी वाचून दाखवलं. एकेक शब्द. 'विश्वास ठेवू नका' एवढा भाग त्यांनी परत वाचला. मग दुसऱ्याच गाडीचं कव्हर हिला कसं बसलं, चार कव्हरं कशी गेली, त्यातली तीन कशी सापडली, पहिलं आपल्या लेकीच्या गाडीत कसं निघालं, सगळं सांगितलं. लेक वाचली, तेही सांगितलं.

"खाली काय हाय?" धुळाप्पांनी काठीचं टोक पाटीच्या तळाशी टेकवलं. "तितं काय आकडा दिसतोय."

"तारीख हाय. सात सप्टेंबर."

धुळाप्पा बोटांच्या पेरांवर मोजू लागले. त्यांचे ओठ हलत होते. पोरगं गेलं ते घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते पुन्हा पहिल्या पेरापासून मोजत आले.

"म्हंजी हे आदीच लिवून ठिवलं हुतं तुमी."

"व्हय."

"मग लावलं का न्हाय?"

मेस्त्रींनी खिशात हात घातला. खिशातला तो तुटका दाता त्यांच्या बोटांना लागत होता. त्यांनी शेडमधून सुतळी आणली आणि पाटी लिंबाला बांधायला घेतली. एका हातानं पत्रा धरून दुसऱ्या हातानं गाठ बसेना, पाटी दोनदा घसरली. धुळाप्पा बघत राहिले. मग काठी बाजूला ठेवून उठले, आले आणि पाटी दोन्ही हातांनी झाडाशी दाबून धरली. ते मेस्त्रींकडं बघत नव्हते. गाठ बसली तरी त्यांनी हात काढले नाहीत. रस्त्यावरून एक पांढरी गाडी सोलापूरकडं गेली. मागच्या सीटवर लेकरं होती. ती दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिच्याकडं बघत राहिले.